एक्केचाळिसावी खुर्ची

गल्लीत बातमी आली ती अशी: खुर्चीवाल्याने देव सोडला.

मला ती बेकरीच्या रांगेत मिळाली, पावाइतकीच ताजी. माझ्या पुढच्या बाई म्हणाल्या, तीन रविवार झाले, माणूस चर्चकडे फिरकलेला नाही. त्यांच्या पुढचे आजोबा म्हणाले, पाळकांशी वाजलंय म्हणे. मी पाव घेऊन बाहेर पडेपर्यंत त्याने पाळकांच्या अंगावर खुर्ची उगारली होती, आणि घराची पायरी चढेपर्यंत ती खुर्ची मोडलीसुद्धा होती. ही अफवा वाढवण्यात माझा हात नव्हता, हे मी शपथेवर सांगते. तोंड होतं. हात नव्हता.

खरं काय ते दुपारपर्यंत कळलं, कारण खुर्चीवाले दादा आमच्या समोरच राहतात आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, खोटं बोलता येत नाही. देव सोडलेला नव्हता. उजवं मनगट मोडलं होतं. खुर्ची उगारणं राहू द्या, चहाचा कप उगारता येत नव्हता.

"मग चर्चला का येत नाहीत?" मी विचारलं. "पाय तर धड आहेत."

वहिनी काही बोलल्या नाहीत. वहिनी बोलल्या नाहीत म्हणजे बातमीत थोडा तरी जीव होता.

दादा वेताच्या खुर्च्या विणतात. नव्या बनवत नाहीत. लोकांच्या जुन्या, झोळी झालेल्या बैठका कापून काढतात आणि नव्या भरून देतात. घराची पुढची खोली हाच कारखाना. रस्त्याकडचं दार दिवसभर उघडं, आत पत्र्याच्या टबात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. त्या ओल्या वेताचा वास थोडा गवतासारखा, थोडा जुन्या टोपलीसारखा. भिंतीवर बिनबैठकीच्या चौकटी टांगलेल्या, कडेने भोकं पाडलेल्या. काम असं की आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, त्यांच्यावर पुन्हा एकेक थर, आणि सगळ्यात शेवटी दोन्ही बाजूंनी तिरक्या. तिरकी पट्टी कुठे वरून जाते आणि कुठे खालून, यातच सगळी मेख. भोकात लाकडी खुंटी ठोकायची, पट्टी ओढायची, खुंटी उपटून पुढच्या भोकात ठोकायची. आणि हे सगळं वेत ओला आहे तोवरच.

एकदा नुकत्याच विणून झालेल्या बैठकीवर मी बोट दाबून पाहिलं. "दादा, ही तर सैल आहे."

"बोट काढा ताई," दादा म्हणाले. "ओली आहे ती. आता तिला कोणी काही करायचं नाही. वाळता वाळता आपली आपण ताठ होते. मध्येच ओढाल तर तुटेल."

वेताच्या बाबतीत माणूस इतका शहाणा. स्वतःच्या बाबतीत आनंदीआनंद. अख्ख्या वस्तीचं बूड टेकवणारे दादा स्वतः मात्र रंगाच्या उलट्या डब्यावर बसतात. घरात धड खुर्च्या दोन: एक वहिनींची, एक पाहुण्याची. जेवण ओट्यापाशी उभ्याने. चहा दारात उभ्याने. मी एकदा विचारलं, "दादा, झोपता तरी आडवे, की तेही घोड्यासारखं उभ्यानेच?"

आतून वहिनींनी उत्तर दिलं, "आडवे झोपतात. पण एक पाय जमिनीवर."

मला वाटलं थट्टा करतायत. नव्हत्या करत.

चर्चमध्येही तीच तऱ्हा. उपासना दहाची असली की दादा नऊला हजर. खिडक्या उघडायच्या, साठ खुर्च्या दोरी धरल्यासारख्या ओळीत लावायच्या, प्रत्येकीवर गीतांचं पुस्तक ठेवायचं. लोक यायला लागले की मागे दाराजवळ जाऊन उभं राहायचं. भिंतीला टेकून नव्हे हं; भिंतीपासून चार बोटं सोडून. उशिरा येणाऱ्याला जागा दाखव, रडणाऱ्या पोराच्या आईला दार उघडून दे, कोणाचा चष्मा पडला तर उचलून दे. शेवटचं आमेन झालं की खुर्च्यांची चवड लावायला सुरुवात. तीस वर्षं हा माणूस त्या चर्चमध्ये बसलेला कोणी पाहिला नाही. आम्ही सगळे म्हणायचो, काय नम्रता! मीही एकदा वहिनींपाशी तिची तारीफ केली.

"नम्रता कसली," वहिनी म्हणाल्या, "धास्ती आहे ती."

धास्ती कोणाची, तर मामाची. दादांचे आईवडील ते लहान असतानाच गेले आणि मामाने त्यांना ठेवून घेतलं. मामा म्हटलं की आपल्याला लाड आठवतात. हा मामा त्या वाणाचा नव्हता. तोही खुर्च्याच विणायचा. बाहेरून आला आणि भाचा बसलेला दिसला की विचारायचा, "आज काय केलंस म्हणून बसलास?" उत्तर पटलं तर ताट. स्वतःची पोरं लोळत पडली तरी चालायची, भाचा नाही. मारायचा वगैरे नाही, नुसता विचारायचा. दादा त्या घरात उभ्या उभ्याच वाढले. मामाला जाऊन आता चाळीस वर्षं झाली, पण जाताना तो प्रश्न मागे ठेवून गेला, आणि दादांनी तो उचलून थेट देवाच्या तोंडी घातला. देवाला त्यांनी मामा बनवलं म्हणा ना. फसवलं अशा अर्थी नाही, देवाला कोण फसवणार? पण देव रोज संध्याकाळी कामावरून घरी येतो आणि उंबरठ्यावरूनच विचारतो, आज काय केलंस, अशी दादांची पक्की समजूत.

त्यातूनच त्या साठ खुर्च्यांचं प्रकरण उद्भवलं.

चर्चच्या खुर्च्या पार खचल्या होत्या. बसलं की गुडघे हनुवटीला. दादांना साठ वर्षं पूर्ण झाली त्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी जाहीर केलं, की साठच्या साठ खुर्च्या मी नव्या भरून देईन, माझी सेवा म्हणून. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बाहेर आल्यावर वहिनींना म्हणाले, "एकेका वर्षाची एकेक. वरती विचारलं, इतकी वर्षं काय केलंस, तर दाखवायला काहीतरी हवं."

वहिनींनी कपाळाला हात लावला. वहिनी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करतात. दिवसभर लोकांना सांगतात, "बसा, नाव घेतलं जाईल." ताप असलेली, घाबरलेली, भांडणारी माणसंसुद्धा त्या आवाजाला निमूटपणे बसतात. एक नवराच तेवढा बसला नाही.

दिवसा गिऱ्हाइकाचं काम, संध्याकाळी चर्चची खुर्ची, असं करत दादांनी चाळीस पुऱ्या केल्या. एक्केचाळिसाव्या खुर्चीच्या उभ्या-आडव्या भरून झाल्या, तिरक्या राहिल्या. वरच्या फळीवरची वेताची जुडी काढायची होती. स्टूल शेजारच्या खोलीत, पण तेवढा वेळ कोण घालवणार? दादा रंगाच्या डब्यावर चढले. डबा कलंडला, दादा हातावर आपटले. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे प्लास्टर. आणि त्यानंतरही या वयात बोटांना पहिली पकड येईल ही आशा नको. कप धराल, शर्टाची बटणं लावाल. वेत ओढणं विसरा.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत दादा वहिनींशी एवढंच बोलले: "साडेएकोणीस राहिल्या."

तेव्हापासून चर्च बंद.

तिसऱ्या रविवारनंतर पाळक आले. आमचे पाळक वयाने तरुण, दोन वर्षांपूर्वीच आलेले, चष्म्याला सारखं बोट लावणारे. ते पाहुण्याच्या खुर्चीत बसले. मी सहजच साखर मागायला गेले होते. साखर मिळायला तासभर लागला, त्याला मी काय करणार?

"काका, येत का नाही?" पाळकांनी विचारलं.

"येऊन काय करू पाळकसाहेब? खिडकी उघडता येत नाही, खुर्ची उचलता येत नाही."

"नुसते बसा की."

"कशाच्या जोरावर?"

पाळकांनी चष्म्याला बोट लावलं. "काका, देवाने तुम्हाला कामाला ठेवलेलं नाही."

"मग कशाला ठेवलंय?"

"ठेवलेलं नाहीच मुळी. घरातलेच आहात तुम्ही. येशूने जे करायचं ते सगळं करून झालंय. तुम्ही येऊन भरावं असं एक भोकसुद्धा त्यात शिल्लक नाही."

दादांनी हे वाक्य कारागिराच्या नजरेने खालून-वरून तपासलं. मग म्हणाले, "फुकटची खुर्ची लवकर खचते, पाळकसाहेब."

"ही फुकटची नाही. त्याला फार महाग पडली. तुम्हाला फुकट."

"तेच तर म्हणतोय. दुसऱ्याच्या घामावर मी कसा बसू?"

माझ्याने राहवलं नाही. "दादा, आम्ही दर रविवारी तुमच्या घामावरच बसतो की!"

कोणी हसलं नाही. वहिनींनी माझ्या हातात साखर दिली आणि डोळ्यांनी दार दाखवलं.

पण त्यांनीच दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. दादा आत पडून होते. पुढच्या खोलीत ती एक्केचाळिसावी चौकट, तिरक्या पट्ट्यांविना उघडी, अर्धे केस विंचरलेल्या पोरीसारखी. "ही तुमच्याकडे घेऊन जा," वहिनी कुजबुजल्या. "येता-जाता बघतात आणि घास गिळत नाहीत. नजरेआड असू दे."

खुर्ची माझ्या घरी आली. आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त नर्सबाई राहतात, जखमा शिवण्यात आयुष्य गेलेलं. त्या म्हणाल्या, "माणूस शिवला, खुर्चीचं काय मोठंसं?" आम्ही दोघींनी वेत भिजवला आणि सलग तीन दुपारी त्या तिरक्या पट्ट्यांशी झुंजलो. वरून जायची ती खालून गेली, खालून जायची ती कुठेच गेली नाही. नर्सबाईंनी एका ठिकाणी चक्क टाका घातला. पूर्ण झाली तेव्हा बैठक अशी दिसत होती, की एखाद्या कावळ्याने घरटं करायला घेतलं आणि कंटाळून सोडून दिलं. शिवाय सैल. पण आम्ही हात लावला नाही, दादांनीच सांगितलं होतं म्हणून. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर बोट दाबल्यावर आतून टक् असा आवाज आला. कुरूप होती, पण ताठ होती.

शनिवारी संध्याकाळी मी खिडकीतल्या झाडांना पाणी घालत होते. झाडं दोनच, पण त्या संध्याकाळी त्यांना फार तहान लागली होती. समोरचं दार उघडंच होतं.

"उद्या चला," वहिनी म्हणाल्या.

"नको."

"का नको?"

"माझी जागा कुठाय तिथे? काम करत होतो म्हणून उभं राहू देत होते. आता काम गेलं, म्हणजे उभं राहायचं निमित्तही गेलं."

"कोणी म्हणालं का तसं?"

"म्हणायला कशाला हवं?"

मग वहिनींनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "चर्चमध्ये माझी काळी पिशवी कुठे असते?"

"शेजारच्या खुर्चीवर. हजारदा सांगितलंय तुला, लोकांची जागा अडते."

"का ठेवते मी ती तिथे?"

"जड असते म्हणून."

"जड? अहो, तिच्यात एक रुमाल असतो आणि चष्म्याचं घर. बस्स." वहिनींचा आवाज किंचित चढला. "तीस वर्षं तुमची जागा धरून बसलेय मी. दर रविवारी. लोक काय काय बोलले मला."

मी पाण्याचा मग खाली ठेवला. लोक म्हणजे मी. 'वहिनींना एका प्रार्थनेला दोन खुर्च्या लागतात' हे वाक्य माझं, आणि ते बरंच चाललं होतं.

"मला काय ठाऊक," दादा पुटपुटले.

"मागे वळून कधी हाक मारली नाही, तुम्ही माझ्या मागेच तर उभे होतात. वाटायचं, आज येतील, आज येतील. तुम्ही चाळीस खुर्च्या विणल्यात म्हणून नाही धरली मी ती जागा. पहिली विणण्याच्या आधीपासून धरलीय. तुम्ही माझे आहात म्हणून धरलीय. मी एक साधी खिडकीवरची बाई. मला एवढं जमतं, आणि देवाला जमत नसेल?"

"पण मामा म्हणायचे..."

"मामा वारले हो! चाळीस वर्षं झाली. त्यांना बसू द्या आता. आणि तुम्हीही बसा."

माझ्या झाडांच्या कुंड्यांखालून पाणी वाहून रस्त्यावर पडायला लागलं, तेव्हा मी खिडकी लावली.

रविवारी आम्ही दोघी नर्सबाईंच्या भाच्याच्या गाडीतून ती खुर्ची लवकर घेऊन गेलो आणि मागच्या कोपऱ्यात, खांबाआड ठेवली. खुर्च्या त्या दिवशी पाळकांनी आणि दोन आजोबांनी लावल्या होत्या. ओळी अशा, की मधल्या रांगेत बसलेल्या माणसाला कोणत्या ओळीत बसलोय ते शेवटपर्यंत कळू नये. एक खिडकी अडकलेली ती अडकलेलीच.

दहाला पाच मिनिटं असताना दादा आले. गळ्यात हात अडकवलेला, शर्टाचं वरचं बटण चुकलेलं. वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या, तिसऱ्या ओळीत, पिशवी शेजारी. दादांनी दारातून त्या वाकड्या ओळी पाहिल्या. डावा हात आपोआप जवळच्या खुर्चीकडे गेला, ती सरळ करायला. पुढून वहिनींच्या खोकण्याचा आवाज आला. त्यांना खोकला नव्हता. दादांनी हात काढून घेतला आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन उभे राहिले. भिंतीपासून चार बोटं.

पहिलं गीत झालं. लोक खाली बसायला लागले. वहिनींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. पाळक प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात वहिनींनी मागे न बघता, दवाखान्यातल्या खिडकीवरच्या आवाजात म्हटलं,

"बसा."

तीन-चार जण जे अजून उभे होते ते दचकून बसले. आणि दादा चालत पुढे आले. तीस वर्षांत ज्या वाटेवरून त्यांनी इतरांना आणून बसवलं, त्या वाटेवरून स्वतः आले, आणि बसले.

खुर्ची कर्रकन वाजली. नर्सबाईंनी माझं मनगट असं धरलं की अजून एक प्लास्टर लागायचं. कारण पिशवीखालची ती खुर्ची आमची होती. एक्केचाळिसावी. खांबाआडून ती तिथवर कोणी नेली, हे विचारायची गरज नव्हती; वहिनी ताठ मानेने समोर बघत होत्या.

दादांचा डावा हात हळूच बैठकीच्या खाली गेला. बोटं पट्ट्यांवरून फिरली. चेहऱ्यावर जे दिसलं ते दुखणं मनगटाचं नव्हतं. तिरकी पट्टी सापडली, मग तिची चूक सापडली, मग नर्सबाईंचा टाका सापडला. दादांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता उठणार. उठले नाहीत. हात वर आला आणि मांडीवर पडला.

प्रवचन सुरू झालं. थोड्या वेळाने दादांची पाठ खुर्चीच्या पाठीला लागली. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते, म्हणून सांगते. मग खांदे उतरले. पायांचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. आणि प्रवचनाच्या मध्यावर, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा देवाच्या घरात बसलेला हा माणूस सरळ झोपी गेला. पाळकांनी ते पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला. प्रवचन कशावर होतं ते मला आठवत नाही. दादांना तर विचारूच नका.

आता प्लास्टर निघालं आहे. डॉक्टर म्हणाले तसंच झालं. कप धरता येतो, वेत ओढता येत नाही. टोकाच्या खुंट्या ठोकणं, पट्ट्या भिजवणं एवढं दादा करतात, आणि विणकामासाठी पलीकडच्या गल्लीतली एक विणकर बाई येते, तिला चुका सांगतात. एकोणीस खुर्च्या अजून तशाच झोळ्या आहेत. त्यांच्यावर बसून कोणाची श्रद्धा कमी झाल्याचं ऐकिवात नाही. दादा अजूनही थोडे लवकर येऊन डाव्या हाताने खिडक्या उघडतात, पण ते हवा यावी म्हणून. दहा वाजले की बसतात. घरातल्या रंगाच्या डब्यात वहिनींनी माती भरून रोप लावलं आहे, म्हणजे तो परतीचा रस्ता बंद.

पण त्या पहिल्या रविवारी मी काय त्यांना सहज सोडणार होते? उपासना संपली, दादा डोळे चोळत दारात आले, तिथेच मी त्यांना गाठलं.

"काय हो दादा," मी म्हटलं, "एकोणीस खुर्च्या बाकी, आणि तुम्ही खुशाल घोरताय! वरती विचारलं, काय केलंस म्हणून बसलास, तर काय सांगणार?"

दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नर्सबाईंकडे.

"ताई, तुम्ही दोघींनी विणलेल्या खुर्चीवर दीड तास बसलो आणि खाली पडलो नाही. त्यात माझी काही करामत होती का? तेच सांगेन."